तळहाताची पाटी

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की काही न करता आणि न बोलता तुम्ही एखाद्या माणसाशेजारी किती वेळ बसू शकाल. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेला गप्प बसण्याची सवय कुठून असणार? थोडा विचार करून मी "अर्धा तास" असे सांगितले. त्यांनी ते अर्जाच्या कोपऱ्यात टिपून घेतले आणि म्हणाल्या, "पुरे आहे. बाकीचं शिकता येतं."

त्या अर्जापर्यंत मी पोहोचले ती एका पत्रकामुळे. निवृत्तीनंतर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आठवड्यातून दोनदा जाण्याचा माझा नेम आहे. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस पुस्तक बदलून परतताना कोणीतरी ते पत्रक हातात दिले. हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० चा, म्हणून जूनचा शेवटचा आठवडा बधिरांध, म्हणजे दिसणे आणि ऐकणे या दोन्हींची अडचण असलेल्या, व्यक्तींच्या प्रश्नांसाठी पाळला जातो, आणि त्या निमित्ताने एका संस्थेला घरोघरी एकट्या पडलेल्या अशा व्यक्तींना आठवड्यातून दोन तास सोबत करणारे स्वयंसेवक हवे होते. हेलन केलर मला ठाऊक होत्या त्या पंपाच्या धारेखाली हात धरून "पाणी" हा शब्द शिकणारी लहान मुलगी म्हणून. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत १९७७ साली सुरू झाली आणि तिचे काम नवी मुंबईत महापे येथेही चालते, एवढे ऐकून होते. अशी माणसे संस्थेत असतात, हा माझा समज. लोकमान्य नगरातील एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत राहणारा माणूसही याच अवस्थेत असू शकतो, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

अर्जानंतर दोन परिचितांची शिफारसपत्रे, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र, मुलाखत आणि मग पाच शनिवारांचे प्रशिक्षण असा अडीच महिन्यांचा क्रम होता. माझ्या एका मैत्रिणीला हे सगळे अति वाटले. दोन तास कोणाच्या घरी जाऊन बसायचे, त्यासाठी पोलिसांचा दाखला कशाला, असे तिचे म्हणणे होते. मला मात्र ते पूर्णपणे योग्य वाटले, कारण दारातून कोण आत आले हे ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी आधीच खातरजमा केलेली असली पाहिजे.

प्रशिक्षण नौपाड्यातील एका सभागृहात झाले. पहिल्याच दिवशी माझा एक गैरसमज गेला. बधिरांध म्हणजे पूर्ण अंध आणि पूर्ण बहिरे असे मी धरून चालले होते. पण यांतील अनेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. अडचण वेगळीच आहे. अंध माणसाचे बरेचसे काम कान भागवतात आणि कर्णबधिर माणसाचे डोळे. इथे मात्र एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची सोयच उरत नाही. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती आणि तीत या अवस्थेला स्वतंत्र जागा नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत बधिरांधत्वाचा बहुविकलांगतेअंतर्गत नावानिशी उल्लेख आला, तेव्हा कुठे ही माणसे कागदावर दिसू लागली.

कारणांबद्दल सांगताना प्रशिक्षकांनी रुबेलाचा उल्लेख केला आणि मी एकदम सावरून बसले. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, तेव्हा ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून टोचण्यात आले. रडणाऱ्या मुलांचे हात धरून मी रांगेत उभी होते, अफवांनी घाबरलेल्या पालकांची समजूत घालत होते. पण गोवरासोबत हा रुबेला कशासाठी, हे मी स्वतः कधी नीट विचारले नव्हते. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळ जन्मतःच बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचे दोष घेऊन येऊ शकते. ज्या मुलींना मी त्या दिवशी धीर देत होते, त्यांच्या पुढे होणाऱ्या बाळांच्या कान-डोळ्यांसाठी ती सुई होती, हे मला सहा वर्षांनी कळले.

तिसऱ्या शनिवारी ऐरोलीहून आलेल्या एका तरुणाने आमचा तास घेतला. तो जन्मतः कर्णबधिर. बाराव्या-तेराव्या वर्षी संध्याकाळनंतर ठेचा लागू लागल्या, रातांधळेपणा आला आणि पुढे नजरेची कड वर्षागणिक आत सरकत गेली. अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची ती वाटचाल होती. त्याची भाषा खुणांची आहे. आता त्या खुणा दिसत नाहीत, म्हणून समोरच्याच्या हातांवर तो स्वतःचे हात अलगद ठेवतो आणि त्यांच्या हालचालींतून वाचतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्याची वाट वेगळी आणि म्हातारपणी दोन्ही गमावलेल्याची वेगळी, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. दुसऱ्याला बोलता येते, मराठी लिहिता-वाचता येत असते. त्याला फक्त आपले बोलणे पोहोचत नाही.

त्याच दिवशी आमच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि कानांत बोळे घालून वर यंत्रशाळेत वापरतात तशी कानटोपणे चढवली आणि प्रत्येकाला एकेका खुर्चीवर बसवले. पुढे काय होणार हे सांगितले नव्हते. बराच वेळ काहीच झाले नाही. मी टेबलाची कड धरून बसले, मग ती सोडवेना. कोणी खोलीत आहे की सगळे चहाला गेले, हे कळायला मार्ग नव्हता. अखेर खांद्यावर हात आला तेव्हा मी दचकून किंचाळले, असे नंतर कळले. किती वेळ झाला असेल असे विचारल्यावर मी पाऊण तास म्हटले. प्रत्यक्षात अकरा मिनिटे झाली होती. प्रशिक्षकांनी लगेच बजावले की याला त्यांचे आयुष्य समजू नका. तुम्ही अनुभवली ती केवळ पहिल्या अकरा मिनिटांची भीती आहे, आणि या माणसांनी त्या भीतीच्या पुढे जाऊन वर्षानुवर्षे जे कसब मिळवले आहे ते तुमच्याजवळ नाही. हे त्यांनी सांगितले नसते तर मी दया घेऊनच घरी गेले असते.

ऑक्टोबरमध्ये मला नाना मिळाले. संस्थेच्या भाषेत याला जोडी लावणे म्हणतात. नानांचे वय शहात्तर. एकतीस वर्षे त्यांनी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, काम केले. शेजारच्याच शेडमध्ये पॉवर प्रेस चालत. त्या काळी कानांना काही लावण्याची पद्धत नव्हती. सततच्या आवाजाने प्रथम वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, क, त यांसारखी व्यंजने ऐकू येईनाशी होतात. कोणीतरी बोलते आहे हे समजते, काय बोलते आहे ते समजत नाही. घरच्यांना कितीतरी वर्षे वाटत राहिले की नाना ऐकून न ऐकल्यासारखे करतात. पुढे काचबिंदू झाला. तो दुखत नाही, सूचना देत नाही, बाजूची नजर गुपचूप खात येतो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्याला दिवस आणि रात्र एवढाच फरक कळतो. श्रवणयंत्र लावल्यास पंखा, मिक्सर, रस्ता आणि माणूस यांचा एकच गोंगाट होतो, म्हणून ते कपाटात पडून होते.

पहिल्या भेटीला समन्वयक माझ्यासोबत होत्या. शिकवल्याप्रमाणे मी नानांच्या हाताच्या पाठीवर माझा हात टेकवला आणि तसाच राहू दिला. त्यांनी हात उलटा करून माझे बोट, मनगट, मग मनगटातील तांब्याचे कडे चाचपले. ओळखीची खूण म्हणून काहीतरी नेहमी अंगावर असावे, असे आम्हाला सांगितले होते; मी हे कडे निवडले होते. नानांनी ते दोनदा फिरवले आणि घराबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तांब्याचं आहे. जोड नीट घासलेला नाही, दोन ठिकाणी बर आहे." बर म्हणजे धातूच्या कडेला राहिलेला बारीक, बोचरा काटा. नंतर काही वेळाने, कोणाला उद्देशून नाही अशा स्वरात, "पंखा बदललाय वाटतं. हवा वेगळी लागते. मला कुणी सांगितलं नाही."

पंखा दिवाळीपूर्वीच्या सफाईत बदलला होता. सूनबाई ओशाळल्या. त्या दिवसभर नोकरी करतात, सासऱ्यांचे जेवणखाण, औषधे, कपडे यांत तिळमात्र कसूर करत नाहीत. पण पंखा बदलला हे सांगायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. नानांशी घरात चार-पाच स्पर्श ठरलेले होते. ताट हाताला लावले की जेवण, दंडाला धरले की उठा, पेला ओठांना लावला की पाणी. त्यापलीकडचे काहीही, म्हणजे पाहुणे कोण आले होते, भांडण कशावरून झाले, पाऊस पडतो आहे की नाही, हे सांगण्याचा रस्ता तीन वर्षांपासून बंद होता. माणसांनी भरलेल्या घरात हा माणूस एकटा होता, आणि त्याबद्दल बोट दाखवावे असे त्या घरात कोणीच नव्हते.

तळहातावर अक्षरे लिहून बोलायचे, हा सर्वांत सोपा मार्ग ठरला. सोपा म्हणताना मी थोडी घाई करते आहे. पहिल्या दिवशी मी नानांसमोर बसून त्यांच्या उजव्या तळव्यावर "नमस्कार" लिहिले आणि त्यांना एकही अक्षर लागले नाही. समोर बसून लिहिले की अक्षर त्यांच्या बाजूने उलटे होते. बाजूला, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसले पाहिजे. उजव्या तळव्याला हत्यारे धरून पडलेले घट्टे होते, तिथे बोट फिरलेले नीट जाणवेना. म्हणून डावा हात घेतला. अक्षरे ओळीने लिहिण्याइतकी जागा तळव्यावर नसते, त्यामुळे प्रत्येक अक्षर मधोमध, आधीच्याच जागेवर, एकावर एक लिहायचे आणि शब्द संपला की क्षणभर थांबायचे. दुसऱ्या भेटीच्या शेवटी नाना म्हणाले, "बाई, ती वरची रेघ कशाला मारता? तिनं सगळा घोटाळा होतोय."

शिरोरेषा! चौतीस वर्षे मुलांच्या पाटीवर मी जी रेघ सरळ आली नाही म्हणून पुन्हा गिरवायला लावली, तीच इथे अडसर ठरत होती, कारण आडवी रेघ फिरली की आधीचे अक्षर पुसल्यासारखे होते. ती काढली. मग भ आणि म, ध आणि घ यांचे भांडण सुरू झाले. मुलांना आपण शिकवतो ते हेच, की भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटकी. रेघच नसेल तर ओळखायचे कशावरून? मी "घर" लिहिले तर नानांनी "धर" वाचून माझा हात घट्ट धरला. अखेर भ आणि ध यांच्याआधी एक टिंब टेकवायचे ठरले. वेलांटी आणि उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार मधल्या बोटाच्या मुळाशी. जोडाक्षर फोडून लिहायचे, म्हणजे "प्रकाश" असेल तर "परकाश". अशुद्ध लिहिण्याला माझा हात पहिल्या महिन्यात खरोखर अडखळत असे. पण मुळाक्षरे ही माणसापर्यंत पोहोचण्यासाठी असतात, आणि या तळव्यावर ती अशीच पोहोचत होती. दोन टिचक्या म्हणजे होय, आडवा हात फिरवला म्हणजे नाही, आणि चूक झाली की संपूर्ण तळवा हाताने पुसायचा, पाटी पुसतो तसा. नानांचा आवाज फार चढला की मी मनगटावर हलके दाबते. आपला आवाज त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, आणि शेजाऱ्यांपर्यंत गेलेला त्यांना आवडत नाही.

डिसेंबरपर्यंत मी मिनिटाला सात-आठ शब्द लिहू लागले होते. वर्तमानपत्रातील एक बातमी पोहोचवायला वीस मिनिटे लागत. त्यामुळे काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड आपोआप माझ्या हाती आली, आणि त्या निवडीची मला फार भीती वाटते. म्हणून आता मी आधी विषय विचारते: "महापालिका, भाव, कारखाने, कोण?" नाना बहुतेकदा "भाव" म्हणतात. कांदा, तूरडाळ, सोने, या क्रमाने.

एका शनिवारी त्यांनी ते कडे मागून घेतले. मुलाकडून बारीक कानस आणि पॉलिश पेपर आणवून ठेवला होता. मांडीवर जुना पंचा पसरून त्यांनी कडे दोन बोटांत धरले, नखाने जोड शोधला आणि कानस इतकी हलकी चालवली की तांब्याची पूड पंचावर दिसण्यापूर्वी मला ती चालते आहे हेही कळले नाही. चार फेऱ्या, मग अंगठ्याने चाचपणे, मग पुन्हा चार फेऱ्या. मला काही करायचे नव्हते, काही लिहायचेही नव्हते, कारण त्यांचे दोन्ही हात कामात होते. मी शेजारी बसून राहिले. अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला असेल. शेवटी कडे माझ्या हातात देत ते म्हणाले, "एक बर मुद्दाम ठेवलाय, आतल्या बाजूनं. खूण राहू दे." अजूनही दारातून आत येऊन मी हात पुढे केला की त्यांचे बोट प्रथम तिथे जाते.

माझ्या हातून घडलेली एक चूकही लिहून ठेवली पाहिजे. सातव्या किंवा आठव्या भेटीत नाना कारखान्यातील संपाच्या दिवसांबद्दल सांगत होते. दाराची घंटा वाजली. सूनबाई न्हाणीघरात होत्या, म्हणून मी पटकन उठून दार उघडले, कुरिअरवाल्याचे पाकीट घेतले, सही केली. तीन मिनिटे झाली असतील. परत आले तेव्हा नाना रिकाम्या खुर्चीला संपाची गोष्ट सांगत होते, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात टेबलावर माझा हात शोधू लागला. मी घाईने तो धरला. त्यांना कळायचे ते कळले. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि त्या दिवशी पुढे बोलले नाहीत. मी "चुकले" असे तीनदा लिहिले. घरी जाताना रिक्षात मला रडू आवरेना. समन्वयकांना फोन केल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, की त्यांच्या जगातून प्रत्येक जण असाच न सांगता निघून जातो. तुम्ही त्यांतल्या होऊ नका. पुढच्या भेटीत आम्ही एक खूण ठरवली. उठण्यापूर्वी मी त्यांची मूठ मिटवते, म्हणजे "जागेवरून उठते आहे, परत येणार". आणि दोन तास संपले की तळव्यावर "येते" लिहिते. आपल्याकडे निरोप घेताना "जाते" म्हणत नाहीत, हे बरेच झाले.

फेब्रुवारीत नानांनी मला दार लावून घ्यायला सांगितले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, की भिंतीपाशी कोणी बसले आहे का. कोणी नव्हते. मग त्यांनी सांगितले की सहा महिन्यांपासून त्यांना तिथे फेटे बांधलेली लहान लहान माणसे दिसतात. बोलत नाहीत, त्रास देत नाहीत, नुसती बसून असतात. कधी भिंतभर रंगीत जाळी दिसते. मुलाला सांगितले नव्हते, कारण सांगितले तर तो मनोरुग्णालयात नेईल अशी धास्ती होती; आणि ठाण्याच्या माणसाला त्या धास्तीचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. औषधे किंवा निदान याबद्दल आम्ही काहीही बोलायचे नाही असा नियम आहे, म्हणून मी नानांची परवानगी घेऊन समन्वयकांना कळवले. पुढच्याच आठवड्यात मुलाने त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. नजर बरीच गेली की काही लोकांच्या मेंदूत अशी चित्रे उमटू लागतात. १७६० साली चार्ल्स बॉनेट या स्विस निसर्ग-अभ्यासकाने आपल्या आजोबांना होणाऱ्या अशाच भासांची नोंद केली होती, आणि त्याचेच नाव या अवस्थेला पडले आहे. बुद्धीला त्यात काही झालेले नसते. हे सगळे तळव्यावर कसे लिहायचे? मुलाने आणि मी मिळून तीन ओळी ठरवल्या: "डोळे बंद. मेंदू चित्र काढतो. वेड नाही." शेवटचे दोन शब्द नानांनी पुन्हा लिहायला लावले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले आणि चहा मागितला.

बाहेर जाणे मार्चमध्ये सुरू झाले. चालताना मी त्यांना ओढायचे किंवा ढकलायचे नसते. ते माझ्या कोपराच्या किंचित वर दंड धरतात आणि अर्धे पाऊल मागे राहतात, म्हणजे माझे शरीर वळले की त्यांना वळण कळते. अरुंद जागा आली की मी तो हात पाठीमागे नेते आणि ते माझ्या मागे येतात. जिना आला की पहिल्या पायरीपाशी थांबते. मासुंदा तलावावर आम्ही तीनदा गेलो. दर वेळी ते कठड्याला हात लावून पाणी कुठवर आहे ते विचारतात आणि "दोन सूत इकडं-तिकडं चालेल, पण नीट बघून सांगा," असे बजावतात. तिथून कौपिनेश्वराच्या देवळात गेलो की ते घंटा स्वतः वाजवतात आणि लगेच तिच्या कडेला तळवा लावून थरथर विरेपर्यंत उभे राहतात.

पुढे नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी एका बँकेच्या शाखेत जावे लागले. पैशांचा विषय असल्याने मुलगा सोबत होता. नियमच तसा आहे. लेथवर झिजलेले अंगठे यंत्र घेईना. खिडकीपलीकडील गृहस्थ कंटाळून मला म्हणाले, "यांना काही कळतं का?" प्रशिक्षणात एक गोष्ट पक्की सांगितली होती, की समोर जे बोलले जाते ते सगळे पोहोचवायचे, त्यांना वाईट वाटेल म्हणून आपण गाळायचे नाही आणि त्यांच्या वतीने उत्तरही द्यायचे नाही. मी लिहिले: "विचारतात, तुम्हाला कळते का." नानांनी मान वर केली आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल असे म्हणाले, "कळतं. काय विचारायचं ते विचारा." मी त्यांचे मनगट दाबले नाही. ते गृहस्थ उठून बाहेर आले, नानांच्या शेजारी बसले, आणि मी मध्ये हात धरून असताना त्यांनी पुढचे सगळे प्रश्न नानांनाच विचारले. शाखेतच असलेला लेखी दाखल्याचा दुसरा मार्गही त्यांनीच काढून दिला.

या सगळ्यात माझ्या मते खरी गोष्ट घडली ती एप्रिलमध्ये, आणि तीत माझा वाटा केवळ नकार देण्याचा होता. नाना वारंवार कारखान्यातील एका जुन्या सोबत्याची चौकशी करत. एकदा त्यांनी तो कसा आहे हे मुलाला विचारायला मला सांगितले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो हळूच म्हणाला, "काकू, ते गेल्या दिवाळीतच गेले. आम्ही सांगितलं नाही. सांगणार कसं? तुम्हीच लिहा ना." मी लिहिणार नाही असे सांगितले. ही बातमी आठवड्यातून दोन तास येणाऱ्या बाईने देण्याची नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होते. मी त्याला माझ्या जागेवर बसवले, वडिलांचा डावा हात त्याच्या हातात दिला आणि अक्षरे कशी काढायची ते दाखवले. त्याने मित्राचे नाव लिहिले. मग बराच वेळ काही लिहिले नाही. मग "गेले". नानांनी तळवा मिटून घेतला, बोट आत धरूनच. "कधी?" त्यांनी विचारले. मुलाने उत्तर लिहिले. "पोरं नेईपर्यंत कोण होतं?" त्यानेच लिहिले. मी उठले, नानांच्या दुसऱ्या हाताची मूठ मिटवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

त्यानंतर घरातले सगळे लिहू लागले. सूनबाई भराभर लिहितात, अक्षरे गाळतात, नाना चिडतात. चौथीतली नात शिरोरेषा सोडायला तयार नव्हती, कारण शाळेत बाई ओरडतात; तिला मीच समजावले की आजोबांच्या पाटीचा नियम वेगळा आहे.

मागच्या शनिवारी पोहोचले आणि कांद्याचा भाव लिहायला घेतला, तर नानांनी माझे बोट थांबवले. "कळलं. सकाळीच पोरीनं सांगितलं." मग माझ्या कड्याच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवत म्हणाले, "बाई, आज साडेपाचपासून लिफ्ट बंद आहे, दुरुस्तीवाले यायचेत. दोन तास पुरे बसायचं असेल तर जिना उतरावा लागेल. मधल्या वळणावर दिवा नाही, सून म्हणत होती. जपून उतरा."